व्हिजिटिंग कार्ड छापताना: कोकणातल्या छोट्या धंदेवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

मी कुडाळात डीटीपी आणि छपाईचं काम करते. दुकानात येणारे बरेचसे लोक म्हणजे रूमवाले, खानावळवाले, आंबा-काजूवाले, बोटवाले आणि बचत गटाच्या ताई, आणि सगळ्यांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून एकदाच नीट लिहून काढलंय.

आता सगळं मोबाईलवर असतं, मग कार्ड कशाला हवं?

माझी मावशी तारकर्लीच्या रस्त्याला घरगुती खानावळ चालवते, ती पण हेच म्हणायची. "माका सगळे वळाखतत, कार्ड कित्याक होया?" ओळखतात खरंच, पण गावातले. तिच्याकडे जेवायला येतात ते पुण्याचे, कोल्हापूरचे, बेळगावचे. तो माणूस पोटभर जेवतो, मावशीशी गप्पा मारतो, नंबर घेतो आणि फोनमध्ये सेव्ह करतो "मालवण जेवण". वर्षभराने त्याच्या ऑफिसातला कोणी मालवणला निघतो आणि विचारतो, अरे जेवायला कुठे चांगलं मिळतं? तर हा म्हणणार, एक मावशी आहेत, तारकर्लीला जाताना डाव्या हाताला, सोलकढी तर अशी की विचारू नको... आणि नाव काही आठवत नाही, फोनमध्ये शोधायला जावं तर मालवण नावाने सात नंबर.

तेच कार्ड गाडीच्या ड्रॉवरमध्ये किंवा पाकिटात पडलेलं असलं तर तो दुसरं काही करत नाही, कार्डाचा फोटो काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून देतो. मला कामात कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. तुम्ही ज्याच्या हातात कार्ड देता तो तुम्हाला बघून गेलेला असतो, त्याच्यासाठी कार्ड नसलं तरी चालेल. कार्ड असतं ते त्याच्या पुढच्या माणसासाठी, ज्याने तुम्हाला कधी बघितलेलं नाही आणि बहुतेक वेळा कार्डही हातात घेतलेलं नाही, नुसता फोटो बघितलाय. पुढचं सगळं मी ह्याच हिशेबाने सांगतेय.

मग कार्डावर नेमकं लिहायचं काय?

धंद्याचं नाव, तुम्ही काय करता ते एका ओळीत, गाव आणि तालुका, फोन नंबर, आणि फोन केल्यावर कोणाला विचारायचं त्याचं नाव. बस.

हे एका ओळीत लिहायचं म्हटलं की लोक अडतात. "स्वप्नसागर" असं नाव आणि खाली लाटांचं चित्र, एवढ्यावरून ते रूम आहेत, हॉटेल आहे की बोट आहे हे पुण्यातल्या माणसाला कसं कळणार? "घरगुती मालवणी जेवण, मासे आणि शाकाहारी, येण्याआधी फोन करा" हे वाचलं की त्याला सगळं कळलं. याउलट काही जण चौदा गोष्टी लिहून आणतात. रूम, जेवण, स्कुबा, डॉल्फिन राईड, गाडी भाड्याने, काजू, कोकम, शिवाय प्लॉट दाखवले जातील. एवढं वाचून माणसाला वाटतं ह्यांचं धड काहीच नसेल. जे तुमचं खरं काम तेच पुढे लिहा, बाकी फोनवर बोलताना सांगता येतं.

दर छापायचे का?

नको. मे महिन्यातला दर, दिवाळीतला दर आणि जुलैतला दर एक असतो का? कार्ड चार वर्षं फिरतं आणि मग समोरचा चार वर्षांपूर्वीचा आकडा दाखवून वाद घालतो. माशांच्या थाळीचं तर विचारूच नका, जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुरमईचा भाव काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. रेल्वेची वेळ पण छापू नका, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं.

मराठीत छापू की इंग्रजीत?

येणारी गिऱ्हाईकं कोण ते बघा. पुणे, कोल्हापूर, मुंबईचीच असतील तर मराठी पुरतं. बेळगाव-गोव्याकडची, हैदराबाद-बंगळुरूची येत असतील तर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी करा, पण फोन नंबर दोन्ही बाजूंना आलाच पाहिजे, कारण फोटो काढणारा एकाच बाजूचा काढतो. नंबर इंग्रजी आकड्यात घाला. मराठी आकडे मला स्वतःला फार आवडतात, पण बाहेरच्या माणसाला मराठीतला चार हा आठसारखा दिसतो आणि फोन भलत्याला लागतो.

दुकानाच्या पाटीवर मराठी लागतंच, २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते छोट्या दुकानांनाही लागू झालंय, काही जण ह्याच्यावरून कार्डाचं विचारतात. कार्डाला तो नियम नाही. तरी माझं मत, मराठी ठेवाच. आपल्या गावाचं नाव इंग्रजीत लिहिलं की त्याचं काय होतं ते आपण रेल्वेच्या पाट्यांवर आणि मॅपवर रोज बघतो.

मी मोबाईलवर मॅटर बरोबर पाठवलं होतं, छापून आलं तर मराठी अक्षरं मोडलेली! असं का होतं?

हा प्रश्न इतक्या वेळा आलाय की जरा सविस्तर सांगते. मोबाईलवर आपण जे मराठी टाईप करतो ते युनिकोड. बऱ्याच प्रेसमध्ये अजून श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट आणि कोरलड्रॉ ह्या डिझाईनच्या सॉफ्टवेअरचं जुनं व्हर्जन चालतं, तिथे युनिकोड पेस्ट केलं की पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसते, जोडाक्षर फुटतं आणि हलन्त दिसायला लागतो. म्हणून चांगला ऑपरेटर एकतर मॅटर पुन्हा टाईप करतो किंवा कन्व्हर्टरमधून काढून शब्द न् शब्द तपासतो. आणि फाईल बाहेरगावी जाणार असेल (आमच्याकडची ऑफसेटची बरीच कामं कोल्हापूरला जातात) तर अक्षरं कर्व्ह करून (म्हणजे फॉन्ट न लागणारे आकार करून) पाठवावी लागतात, नाहीतर तिथल्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळं विस्कटतं.

आपल्याकडे सगळ्यात जास्त मार खातो तो "ऱ्य". किनाऱ्यावर, दऱ्याखोऱ्यात, वाऱ्यावर, सुऱ्या-कोयत्यांची दुकानं, कोकणातल्या धंद्याच्या नावात हे अक्षर सारखं येतं. हे अर्ध्या चंद्रासारख्या रफाराचं अक्षर ज्या फॉन्टमध्ये नाही तिथे "किनार्यावर" असं छापून येतं, म्हणजे रफार डोक्यावर. आचार्यमधला "र्य" वेगळा आणि किनाऱ्यातला "ऱ्य" वेगळा, उच्चारच वेगळा आहे. एका रूमवाल्यांची हजार कार्डं बाहेरून अशी छापून आली होती, ते म्हणाले राहू दे, कोणाला कळतंय. कळतं हो. मराठी माणसाची नजर पहिली तिथेच जाते आणि त्याला वाटतं, ज्यांना आपलं नाव धड छापता आलं नाही ते रूम काय स्वच्छ ठेवणार.

अजून एक म्हणजे "ल" आणि "श". हिंदी वळणाच्या फॉन्टमध्ये हे दोन आपल्या मराठीपेक्षा वेगळे दिसतात. चूक नाही म्हणता येणार, पण परकं वाटतं. मराठी वळणाचे फॉन्ट आता फुकट मिळतात, ऑपरेटरला सांगा मराठी ल-श हवेत म्हणून. आणि मराठी अक्षर आठ पॉईंटच्या खाली नेऊ नका, आपल्याला वर वेलांटी आणि खाली उकार असतो, ओळी चिकटल्या की फोटोत नुसता काळा पट्टा दिसतो.

आमच्या घराला नंबर नाही, रस्त्याला नाव नाही. पत्ता कसा लिहू?

गाव, वाडी, आणि एक अशी खूण जी दहा वर्षांनी पण तिथेच असेल. देऊळ, मराठी शाळा, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), तर (होडीने पलीकडे जायची जागा), तिठा (तीन रस्ते मिळतात तो). "अमक्या मोबाईल शॉपीसमोर" लिहू नका, ती शॉपी पुढच्या वर्षी चायनीजची गाडी होते. कोणी म्हणतं पुण्याच्या माणसाला तिठा काय कळणार, पण तो रस्त्यात थांबून ज्याला विचारणार आहे तो आपलाच माणूस आहे ना, तो तिठाच म्हणणार. हायवेचा उल्लेख असेल तर मुंबई-गोवा हायवे एवढंच लिहा, नंबर १७ चा ६६ होऊन बरीच वर्षं झाली तरी अजून लोक जुनं कार्ड बघून १७ छापायला सांगतात.

वाडीत खूणच नसेल तर गूगल मॅपमध्ये घरावर बोट दाबून धरा, एक छोटासा कोड येतो, त्याला प्लस कोड म्हणतात. तो आणि गावाचं नाव टाकलं की गाडी अंगणात येते. हा कोड फुकट आहे, आणि डोंगराच्या आड असलेल्या घरांना तर फारच कामाचा. फक्त तो छापायच्या आधी गावाबाहेरच्या एखाद्याला त्यावरून बोलावून बघा. मॅप कधी कधी गाडी पाणंदीतून घालतो आणि मग रात्री आठ वाजता तुम्ही बॅटरी घेऊन व्हाळात.

फोन नंबर किती द्यायचे?

दोन, आणि वेगवेगळ्या कंपनीचे. किनाऱ्यालगत आणि घाटाखाली कुठली रेंज कधी जाईल सांगता येत नाही, पावसात तर दोन-दोन दिवस टॉवर बंद. ज्या नंबरला व्हॉट्सअ‍ॅप आहे त्याच्यापुढे ते चिन्ह टाका. आणि दुपारी दोन ते चार जर तुम्ही फोन उचलतच नसाल तर तसं लिहा, लोक समजून घेतात.

आता एक जपायची गोष्ट, जी मी नुकसान सोसून शिकले. सुरुवातीच्या दिवसात एका काजूवाल्यांची कार्डं केली होती, नंबरात ९६ चा ६९ झाला. मी वाचला, त्यांनी वाचला, त्यांच्या मुलाने वाचला, तिघांनी ठीक आहे म्हटलं. माहितीचा नंबर डोळे वाचतच नाहीत, डोक्यात आहे तोच म्हणतात. हजार कार्डं मी माझ्या पैशाने परत छापून दिली. तेव्हापासून माझा नियम आहे, प्रूफ (छपाईआधीचा नमुना) हातात आलं की त्यावरचा आकडा न् आकडा बघून फोन लावायचा, सेव्ह केलेल्या नावावरून नाही. समोर बसलेल्या माणसाच्या खिशात फोन वाजला तरच छपाईला सोडायचं.

क्यूआर कोड टाकावा का?

टाका, पण एकच. रूमवाल्यांनी आणि खानावळवाल्यांनी मॅपवरच्या जागेचा टाकावा, माल विकणाऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपचा, म्हणजे स्कॅन केलं की सरळ चॅट उघडतं आणि तिथे कॅटलॉग दिसतो.

इथे एक फसवणूक होते ती नीट समजून घ्या. क्यूआर दोन प्रकारचे असतात. एक स्टॅटिक, म्हणजे लिंक त्या ठिपक्यांतच असते, तो कधी संपत नाही, लिंक चालू आहे तोवर चालतो. दुसरा डायनॅमिक, म्हणजे ठिपक्यांत त्या क्यूआर बनवणाऱ्या साईटचा पत्ता असतो आणि तिथून तो तुमच्या लिंकवर पाठवतो. पुढे लिंक बदलता येते हा त्याचा फायदा, पण फुकट म्हणून बनवलेला असा क्यूआर ट्रायल संपली की काही साईट बंद करतात, मग पैसे भरा. तोवर तुमची हजार कार्डं वाटून झालेली. म्हणून बनवताना स्टॅटिकच घ्या.

आकार किमान दोन सेंटीमीटर, सगळ्या बाजूंनी पांढरी मोकळी जागा, ठिपके काळे आणि मागे पांढरं. समुद्राच्या फोटोवर क्यूआर चिकटवलेला छान दिसतो पण वाचला जात नाही. हा कोड १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हने कारखान्यातल्या गाड्यांच्या सुट्या भागांसाठी काढला, तिथे तेला-मळाचे हात असणार म्हणून थोडा भाग खराब झाला तरी वाचता यावं ही सोय त्यात आहे, वरच्या लेव्हलला साधारण ३० टक्क्यांपर्यंत. म्हणजे माशाच्या रश्श्याचा डाग पडला तरी चालतो, पण आकार लहान केला तर चालत नाही. छापलेल्या प्रूफवरून, जुन्या स्वस्त फोनने स्कॅन करून बघा, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर नको.

आणि क्यूआर आहे म्हणून नंबर बारीक करू नका. ज्याच्याकडे कार्डाचा फोटो आलाय तो त्याच फोनवर तो कोड कसा स्कॅन करणार? करता येतो, पण आपल्या काका-आत्यांना ते कुठे माहीत.

आणि पैसे घ्यायचा यूपीआय क्यूआर?

तो काउंटरवरच ठेवा. कार्ड अनोळखी हातात फिरतं, बँक खातं बदलतं, आणि दोन कोड शेजारी असले की लोक भलताच स्कॅन करतात.

साईज आणि कागद कोणता घेऊ? आमच्याकडे दमटपणा फार.

साईज ३.५ बाय २ इंच, म्हणजे ८९ बाय ५१ मिलिमीटर. पाकिटातल्या एटीएम कार्डाच्या खणात साधारण बसतं. गोल, पानाच्या आकाराचं, होडीच्या आकाराचं असं कोणी कोणी मागतं. गोल कार्ड सावंतवाडीच्या गंजिफासारखं सुंदर दिसतं हे खरं, मला पण करायला आवडेल, पण ते पाकिटात बसत नाही आणि मग घरी पोचत नाही.

कागद ३०० ते ३५० जीएसएमचा (म्हणजे जाडसर) घ्या आणि लॅमिनेशन मॅट, दोन्ही बाजूंना. एकाच बाजूला केलं तर आपल्या हवेत उघडी बाजू ओल खाते आणि कार्ड वाळलेल्या पानासारखं वळतं, जुलैत तर आठवड्यात. ग्लॉसी टाळा, कारण ग्लॉसीवर ट्यूबलाईट चमकते आणि फोटोत नेमका नंबरावरच पांढरा पट्टा येतो. सोनेरी फॉईलचं पण तेच, हातात भारी वाटतं, फोटोत काळं दिसतं. न फाटणारं प्लॅस्टिकसारखं कार्ड मिळतं ते बोटवाल्यांना आणि स्कुबावाल्यांना जरूर घ्यायला सांगते, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाचा खिसाच ओला असतो.

शिल्लक कार्डं रबर लावून कपाटात टाकू नका. रबर विरघळून चिकटतं, कडांना बुरशी येते, कसर लागते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, चपलांच्या खोक्यात ती सिलिका जेलची पुडी येते ना, ती टाकून ठेवा.

स्क्रीनवर रंग मस्त होता, छापल्यावर मळकट का?

स्क्रीन उजेडाचा रंग दाखवते, छपाई चार शाईंची असते. आपल्याला हवे असतात ते नेमके दोन रंग, हापूसचा केशरी आणि समुद्राचा निळा-हिरवा, आणि हेच दोन छपाईत पडतात. डिझाईन सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे ह्याच चार शाईंच्या रंगांत, करायला सांगा म्हणजे आधीच दिसतं काय येणार ते. फोटो ३०० डीपीआयचा द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कडेला रंग असेल तर चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचा सोडायचा, आणि अक्षरं कडेपासून तेवढीच आत, नाहीतर कटिंगला जातात.

देवाचा फोटो वर टाकला तर?

"श्री देव रामेश्वर प्रसन्न" अशी एक बारीक ओळ वर असावी असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि टाकावी. फोटो मात्र मी टाकू नका सांगते. कार्ड खाली पडतं, पायाखाली येतं, कोणी त्याने दात कोरतं, आपल्या ग्रामदेवतेचं ते होऊ नये.

मागची बाजू कोरी ठेवू का?

मागच्या बाजूलाच कार्डाचा जीव वाचतो! तिथे असं काही छापा की माणूस ते टाकून देणार नाही.

आंबेवाल्यांचं घ्या. पेटी मुंबईला पोचते, उघडणारी असते सूनबाई, तिला पेटी कोणी पाठवली ते पण धड माहीत नसतं. तिने आंबे तसेच पेटीत ठेवले किंवा सरळ फ्रिजमध्ये टाकले की फळ बिघडतं आणि नाव आपलं जातं. म्हणून कार्डाच्या मागे लिहा: पेटी आली की लगेच उघडा, आंबे गवतावर मोकळे पसरा, एकावर एक रचू नका, रोज उलटून बघा, पिकलेले आधी खा, पिकायच्या आधी फ्रिज नको. हे कार्ड प्लॅस्टिकच्या छोट्या पाकिटात घालून गवताच्या वरच, झाकण उघडल्या उघडल्या दिसेल असं ठेवा. आंबे संपेपर्यंत ते किचनच्या ओट्यावर राहतं. मग शेजारीण विचारते कुठून मागवलेत, आणि फोटो जातो.

कोकमवाल्यांनी आगळ आणि सरबत ह्यातला फरक लिहावा. बाहेरच्या लोकांना तो माहीत नसतो, आगळ ग्लासात ओतून पाणी घालून पितात आणि मग फोन करतात की सरबत खारट आहे. "आगळ खारट असतं, सोलकढीसाठी. गोड सरबताची बाटली वेगळी." एवढी एक ओळ पुरते.

रूमवाल्यांनी मागे अंतरं टाकावीत, कुडाळ स्टेशनवरून मालवण साधारण ३० किलोमीटर, पुढे तुमचं घर किती, शेवटची रिक्षा मिळते का, जेवण घरी आहे का. बोटवाल्यांनी भरती-ओहोटीबद्दल एक ओळ आणि पावसाळ्यात बोटी बंद असतात हे स्पष्ट. वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका ताईंनी तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) साफ करायची पद्धत चार ओळीत छापून घेतली होती, त्या मासे विकतात, रूम-बिम काही नाही, त्यांचं कार्ड लोक फ्रिजला चिकटवून ठेवतात असं त्या सांगत होत्या.

किती छापायची?

पहिल्यांदा शंभर, डिजिटलवर. दर नगाला जास्त पडतो हे खरं आणि हजाराचा ऑफसेटचा हिशेब ऐकला की मोह होतो, पण पहिल्या कार्डात काहीतरी राहिलेलं असतंच. शंभर वाटा, लोक काय विचारतात ते बघा. तीन जणांनी फोन करून "जेवण मिळतं का" विचारलं म्हणजे ते कार्डावर यायला हवं होतं. दुरुस्ती करून मग हजार.

वाटायची कुठे?

सगळ्यात चांगली वेळ म्हणजे निघताना. आल्या आल्या दिलेलं कार्ड रूमवरच राहतं. सामान गाडीत ठेवून झालं, हिशेब झाला, मुलांच्या हातात खाऊ दिला की मग दोन कार्डं द्या आणि तोंडाने सांगा, एक तुमच्यासाठी, एक कोणी विचारलं तर. नुसतं हातात खुपसू नका.

दुसरी जागा रिक्षावाले. स्टेशनला उतरलेला माणूस पहिला प्रश्न त्यांनाच विचारतो. पण त्यांना गठ्ठा देऊन चालत नाही, चहा घ्या, घर दाखवा, एकदा जेवायला बोलवा. ज्याने तुमच्याकडचं जेवण खाल्लंय तो मनापासून सांगतो. मग जेटीवरची टपरी, केस कापायचं दुकान, मेडिकल, पेट्रोल पंप, आणि तुमच्यासारखाच धंदा करणारा शेजारी. हो, शेजारी. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जातात त्या दिवसात लोक गावातल्या घरांतच उतरतात, एका घरी जागा नसली की दुसरीकडे पाठवावंच लागतं. मालवणला मे महिन्यात तेच. तुमच्याकडे फुल्ल असताना तुम्ही त्याचं कार्ड द्या, त्याच्याकडे फुल्ल असताना तो तुमचं देईल.

चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात तेव्हा घरोघरी आरतीला जाताना खिशात दहा कार्डं असू द्या. मुंबईतली सोसायटी, ऑफिस, सगळं त्यांच्या ओळखीचं, आंब्याची निम्मी ऑर्डर तिथूनच येते. आंगणेवाडीची जत्रा असो की कुणकेश्वरची महाशिवरात्र, तिथे मात्र गर्दीत वाटत सुटू नका, हातातलं कार्ड चार पावलांवर खाली पडतं आणि देवळाच्या वाटेवर आपलं नाव तुडवलं जातं. स्टॉल असेल तर स्टॉलवर ठेवा, ज्याने माल चाखला त्याला द्या. गाड्यांच्या वायपरखाली अडकवणं तर नकोच, संध्याकाळी तीच कार्डं किनाऱ्यावर वाळूत दिसतात.

मी घरातून लाडू-पापडांचा धंदा करते. नंबर अनोळखी लोकांकडे जाईल ह्याची भीती वाटते.

भीती बरोबर आहे, काही जण नको त्या वेळी फोन करतात, मेसेज करतात. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका, रात्री साठी ऑटो मेसेज लावता येतो. डीपीला स्वतःचा फोटो न टाकता लाडवांचा टाका. कार्डावर घराचा पूर्ण पत्ता नको, गाव-तालुका पुरे, बाकी ऑर्डर पक्की झाल्यावर. पण नाव मात्र तुमचंच छापा. "प्रो. प्रा." म्हणून नवऱ्याचं नाव आणि राबतेय बायको अशी कार्डं मी खूप केली, आता मी समोर बसलेल्या ताईंना विचारतेच, लाडू कोण वळतं?

एफएसएसएआय, जीआय, ट्रेडमार्क हे छापायचं का?

खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) १४ आकडी नंबर तुमच्या पॅकिंगवर असतोच, कार्डावर टाकलात तर नवीन गिऱ्हाइकाला बरं वाटतं. हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर ह्या पाच जिल्ह्यांसाठी, पण बाग ह्या जिल्ह्यात आहे म्हणून आपोआप ते चिन्ह छापता येत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची स्वतःची नोंदणी लागते. गोलातला आर पण ट्रेडमार्क रजिस्टर झालेला असेल तरच, नसताना छापणं गुन्हा आहे. निवास-न्याहारी योजनेत नोंदणी असेल तर अभिमानाने लिहा, नसेल तर "शासनमान्य" असं मोघम लिहू नका. आधार, पॅन वगैरे तर कधीच नाही.

कार्डाचा उपयोग होतोय की नाही कळणार कसं?

फोन आला की विचारा, नंबर कुठून मिळाला? आणि एका वहीत लिहा. रिक्षावाल्यांना, टपरीला दिलेल्या कार्डांच्या मागे कोपऱ्यात पेनाने बारीक अक्षर टाका, र, ट, प असं काही. गिऱ्हाईक कार्ड घेऊन आलं की कळतं कुठून आलं. मावशीच्या वहीत पहिल्या सीझनला सगळ्यात जास्त "फोटो बघून" असंच निघालं, म्हणून तर मी ग्लॉसीचं एवढं लावून धरते.

नंबर बदललाय आणि कार्डं शिल्लक आहेत, पेनाने खोडून चालेल का?

पहिलं म्हणजे नंबर बदलूच नका. कंपनी नको असेल तर पोर्ट करा, नंबर तोच राहतो. तुम्ही दिलेली कार्डं पुण्या-मुंबईच्या घरांत, गाड्यांत पडलेली आहेत, ती परत आणता येत नाहीत. गेल्या मे महिन्यात मावशीकडे एक जोडपं आलं, हातात तिचं अगदी पहिल्या छपाईचं कार्ड, कडा पिवळ्या पडलेल्या, कोणा नातेवाइकाच्या गाडीत सापडलेलं, आणि फोन लागला म्हणून ते आले. जुना नंबर रिचार्ज न करता सोडला की काही काळाने कंपनी तो दुसऱ्याला देते, मग तुमचं गिऱ्हाईक भलत्याच्याच घरी फोन करतं.

अगदीच गेला असेल तर खोडू नका, खोडलेला नंबर बघून धंदा बंद पडल्यासारखा वाटतो. नवीन नंबराचे छोटे स्टिकर छापून घ्या, डिजिटलवर एका ए-थ्री शीटमध्ये भरपूर बसतात, आणि जुन्या नंबरावर बरोबर बसतील असे कापून घ्या. मॅट लॅमिनेशनवर ते चिकटतात पण पावसाळ्यात कडा सुटतात, म्हणून लावल्यावर एक दिवस जड वहीखाली दाबून ठेवा.